बंबाचं ग्रहण

चहाचं आधण ठेवून वळले तर ओट्यावर पालथं घातलेलं फुलपात्र पेटलं होतं. म्हणजे ऊन पडलं होतं त्याच्यावर, एवढंच. परळला आमच्या सातव्या मजल्यावर डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला, समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून, जेमतेम दहा-बारा मिनिटं ऊन येतं. आधी डब्यांवर, मग मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर, आणि शेवटी सिंकमध्ये उतरून नाहीसं होतं.

लेक अशा उन्हांच्या मागे असते सध्या. कुठल्याशा शिबिराला जाऊन आली तेव्हापासून घरात 'मिक्सांग' चालू आहे. तिबेटी शब्द, अर्थ चांगला डोळा. कॅमेरा लगेच उचलायचा नाही. थबकायचं, वस्तूचं नाव विसरायचं, नुसता रंग, नुसता उजेड बघायचा. फोटो त्यानंतर. फुलपात्राला फुलपात्र म्हणायचं नाही म्हणे.

"मग काय म्हणायचं?"

"काहीच नाही, आई."

हे मला या जन्मी जमणार नाही. भांडं दिसलं की मी आधी त्यावरचं नाव वाचते. कुणाच्या मुंजीतलं, कुणी दिलेलं, 'सप्रेम भेट' आहे की नुसतीच तारीख. पेटलेल्या फुलपात्रावरही मावशीचं नाव होतं.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरनं १९३० साली टिनाच्या नरसाळ्यात ठेवून टिपलेली ती भोपळी मिरचीही लेकीनं दाखवली. मिरची कसली, पाठमोरा पैलवान! यजमानांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "मग भाजी केली की नाही?"

आमच्या बाबांना तिबेटी येत नव्हतं. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा दिसायचा आणि तो पुढे सरकला की बाबांच्या कपाळावर आठी. त्यामुळे ते बघायचेच फार. आम्ही पोरं गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत केस विंचरून, पावडर थापून उभी. आणि बाबा कॅमेरा पोटाशी धरून नुसते आमच्याकडे बघताहेत. हसू सुकून जायचं. मग म्हणायचे, "राहू दे, उद्या काढू."

एकदा असाच बारावा फोटो शिल्लक होता. आम्ही रांगेत उभे, आणि हे मोरीच्या दाराशी गेले. आईनं सकाळीच चिंचेनं घासलेला बंब, गजांतून त्याच्या पोटावर आलेली उन्हाची तिरीप. खट्‌!

"घरात चार पोरं असताना बंबाचा फोटो?" आई दोन दिवस बोलली नाही.

रोल धुऊन आला तेव्हा त्या फोटोत काळोखच होता. मोरीतल्या अंधारात त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याचं काय चालणार! मध्ये तेवढी एक चकाकती कोर. पुढे आत्यानं अल्बम चाळताना विचारलं, "हे ८० सालचं ग्रहण ना रे?" सोळा फेब्रुवारीचं ते ग्रहण, मुंबईचे रस्ते ओस पडले होते, बाबा स्वतः दार लावून घरात बसलेले. पण ते म्हणाले, "हो." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बंब आहे तो!" तरी त्याखाली पेन्सिलीनं 'ग्रहण' असंच लिहिलं गेलं. बंब पुढे चाळ सोडताना मोडीत गेला. कितीला, ते आईनं सांगितलं नाही.

चहा उतू गेला. गॅस बंद करून बघते तर ऊन सिंकमध्ये.

समोरच्या फटीत आता तिसरा टॉवर चढतोय. हिरवी जाळी गेल्या आठवड्यात अकराव्या मजल्याला होती, काल तेराव्याला. मी मोजते रोज. लेकीनं संध्याकाळी विचारलं, फोटो काढलास का? म्हटलं, नाही, उद्या काढू.