त्यांचा विश्वास पाहून

उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, शाळेत मधल्या सुट्टीत, एकदा तर बँकेच्या रांगेत मला हा प्रश्न विचारला गेलाय. "भाऊ असा अचानक गेला, तरी तुमचा देवावरचा विश्वास कसा राहिला हो?" विचारणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, काहीच न मानणारेही आहेत. एरवी मी दोन वाक्यांत निभावून नेते. पण गेल्या महिन्यात ज्या मुलीने विचारलं तिची आई नुकतीच गेली होती, आणि तिच्यासमोर ती दोन वाक्यं माझ्या तोंडून निघेनात. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

आधी हे सांगायला हवं की तो विश्वास राहिला नव्हता.

मी नगरची. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन इथे आलं आणि आमच्या घराण्यात माझी ही ख्रिस्ती म्हणून पाचवी पिढी. विश्वास मला वाडवडिलांच्या घरासारखा आयता मिळाला. त्याचा पाया कधी उकरून पाहायची वेळच आली नव्हती. बाराव्या वर्षापासून मी चर्चमध्ये पेटी वाजवते. धाकटा भाऊ शेजारी बसून भाता मारायचा, म्हणजे मला दोन्ही हातांनी वाजवता यायचं. कडव्याच्या शेवटी तो मुद्दाम भाता सोडून द्यायचा आणि सूर मध्येच विरायचा. मग मी त्याला कोपराने ढोसायचे.

एप्रिल 2021 मध्ये तो कोविडने गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. आठ दिवस आमची प्रार्थना-साखळी चालू होती. पुण्या-मुंबईचे नातेवाईक तासातासाने पाळी घेत होते. पहाटे तीनची पाळी माझी. नवव्या दिवशी सकाळी फोन आला. दफनाला आम्ही पाच जण होतो. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, लांब उभे राहून "मातीला माती" म्हणाले, मास्कमधून तेही अर्धंच ऐकू आलं.

त्यानंतर मला देवाचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग यायला समोर कुणी तरी लागतं. मला समोर कुणीच नाही असं वाटायला लागलं. जेवणाआधी "हे प्रभू" एवढं म्हणायचे, पुढचं सुचायचं नाही, तशीच घास घ्यायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, देवाची काही योजना असेल, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. हात जोडून सांगते, दुःखातल्या माणसाला हे बोलू नका. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलही, असं बोलत नाही. त्यातल्या स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र काढून बघा. आक्रोशाने सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी धीराची एक ओळसुद्धा नाही. दीडशे स्तोत्रं एकत्र करणाऱ्यांनी ते गाळलं नाही. त्या महिन्यांत मला वाचवत होतं ते तेवढंच एक पान.

7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. पुढच्या रविवारसाठी पाळकांचा फोन आला, पेटीवर बसशील का? नाही म्हणायलाही त्राण नव्हतं म्हणून हो म्हटलं. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर, ओठ मिटलेले. सगळं चर्च गात होतं आणि मी नुसती पट्ट्यांकडे बघत होते. उपासनेनंतर आमच्या एक काकू जवळ आल्या. त्यांना मी खरं ते सांगून टाकलं, "काकू, मला प्रार्थना करता येत नाही. आहे का कुणी ऐकणारं, तेच कळत नाही."

त्या उपदेश करतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही ना जमत? मग नको करूस. तुझ्या वाटची मी करते. तू पेटी वाजव." आणि पुढच्या रविवारपासून भाऊ बसायचा त्या जागी येऊन बसायला लागल्या.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातली, गालील प्रांतातल्या कफर्णहूम गावची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून येशूकडे आणतात, दारात गर्दी, म्हणून छप्पर उकरून बाज खाली सोडतात. माझं आजोळ पारनेर तालुक्यात, घर धाब्याचं. तुळया, त्यांवर काटक्या-पाला, त्यावर वीतभर पांढरी माती. गालीलातली घरंही बरीचशी अशीच होती, तुळया, फांद्या आणि चिखलमातीची. लहानपणी एकदा कुजलेली तुळई बदलायला आजोबांनी एका कोपऱ्यात धाबं उकरलं होतं. दोन दिवस घरभर माती. पाण्याच्या हंड्यात माती, पिठात माती, आजीने चुलीवर गोधडी टाकलेली. त्यामुळे ती गोष्ट वाचताना मला ढेकळं पडताना दिसतात.

आयुष्यभर ऐकलेल्या त्या गोष्टीतलं एक वाक्य मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसलं. "त्यांचा विश्वास पाहून" येशू त्या माणसाशी बोलला. त्यांचा, म्हणजे बाज आणणाऱ्यांचाही. पडलेला माणूस तर पूर्ण गोष्टीत एक शब्द बोलत नाही. त्याचा स्वतःचा विश्वास होता की नव्हता, मार्क सांगतसुद्धा नाही. कुणीतरी त्याला उचललं होतं, एवढं त्याला पुरलं.

येशूचा शिष्य थोमा, त्याचंही तसंच. त्याला आपण संशयी म्हणून नाव ठेवून मोकळे होतो. पण योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो की येशू पुन्हा जिवंत झालाय यावर त्याने "मी विश्वास धरणारच नाही" म्हटल्यावर आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. म्हणजे तो निघून गेला नाही आणि बाकीच्यांनी त्याला काढलं नाही. ते आठ दिवस घरात काय बोलणं होत असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. आपल्या देशातली सगळ्यात जुनी ख्रिस्ती परंपरा, केरळातली, स्वतःला याच थोमाची मानते.

आणि आठ दिवसच लागतात असंही नाही. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. तिथल्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींशी त्या त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, चमत्कारांवरून खूप वाद घालत. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी बाई ही.

माझं काय झालं? एका झटक्यात काहीच नाही. 15 एप्रिल 2022 ला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, होता. येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांची, आम्ही त्यांना सात शब्द म्हणतो, ती लांबलचक उपासना. चौथा शब्द वाचला गेला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" जो प्रश्न विचारायला समोर कुणी नाही म्हणून मी वर्षभर गिळत होते, तोच प्रश्न तिथे देवाचा पुत्र देवाला विचारत होता. त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुलाही असंच वाटलं होतं?" वर्षभरातली ती माझी पहिली प्रार्थना.

भाऊ का गेला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. ज्याच्याशी मी आता बोलते त्याच्या हातांवर पुनरुत्थानानंतरही खिळ्यांचे व्रण होते. थोमाला त्याने तेच दाखवले. माझं मन आज टेकतं ते तिथेच. काही आठवडे तेही हातातून निसटतं. मग मी काकूंना तसं सांगते, आणि त्या म्हणतात, "बरं, या आठवड्यात माझ्याकडे."

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की तुला गायची इच्छा नसेल तर गाऊ नकोस, पण रविवारी ये. पेटीपासचा बाक धरून ठेवते. गेल्या रविवारी ती आली, माझ्या डाव्या बाजूला बसली, आणि दुसऱ्या गाण्याला न सांगता हात पुढे करून भाता मारायला लागली.