कैलासपतीचे वय

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या फाटकावर पुनर्विकासाचा फलक लागल्याचे मला गेल्या मंगळवारी दुपारी, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेताना दिसले. पण पाय थांबले ते आत कुंपणालगत उभ्या असलेल्या कैलासपतीमुळे. त्याच्या खोडावर कोणीतरी रंगाने आकडा घातला होता.

१९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५० किंवा त्याहून अधिक वर्षांचे झाड हेरिटेज ठरते, आणि ते तोडायचेच झाले तर जितके त्याचे वय तितकी रोपे लावावी लागतात. या झाडाच्या वयाचा माझ्याकडे एकच पुरावा आहे. १९७१च्या श्रावणात, सहा वर्षांचा असताना, मी आजीचे बोट धरून याच फाटकातून आत जात असे आणि तेव्हाही ते खोड माझ्या कवेत मावत नसे.

फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडातून फुटलेल्या लोंबत्या डहाळ्यांवर येतात, हे मला तेव्हा झाडाचे चुकल्यासारखे वाटे. गुलाबी, मांसल पाकळ्यांच्या मधोमध पिंड आणि तिच्यावर नागाची फणा. आजी झाडापाशी चपला काढी आणि फक्त खाली पडलेली फुले पदरात घेई. माझे लक्ष मात्र नारळाएवढ्या तपकिरी फळांकडे असे, कारण त्यातले एखादे फुटले की अशी दुर्गंधी सुटे की त्या फुलांचा वास आणि ही घाण एकाच झाडाची, यावर विश्वास बसत नसे. इंग्रजांनी फळ पाहून त्याला तोफगोळ्याचे झाड म्हटले, आपण फूल पाहून कैलासपती. आजीच्या आणि माझ्या नजरेतही तेवढेच अंतर होते.

पुढे शाळेत हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले असल्याचे कळल्यावर मी ते मोठ्या ऐटीत आजीला सांगितले. ती वात वळता वळता म्हणाली, “शंकर तरी कुठे ठाण्याचा आहे?”

रोपे किती लावतील, आणि या गल्लीत ती लावायला माती कुठे उरली आहे, असा हिशेब मी करत असतानाच रखवालदाराने विचारले, “काका, फ्लॅट बघायला आलात का?” मी हो म्हणालो, आत गेलो, आणि खाली पडलेले एक फूल उचलून मेथीच्या जुडीवर ठेवले. चपला काढायच्या मात्र राहूनच गेल्या.