तीन कोंबड्या, पंधरा अंडी

८ ऑगस्ट, रात्र

आज मध्ययुगाच्या इंग्रज इतिहासकार आयलीन पॉवर यांचा स्मृतिदिन. ८ ऑगस्ट १९४० ला लंडनमध्ये अचानक हृदयविकारानं गेल्या. वय अवघं ५१. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. मनात मी त्यांना ‘पॉवरबाई’ म्हणते, इथंही तसंच लिहिते.

माझी नोकरी तलाठ्याची. सातबारा, आठ-अ, फेरफार, पीकपाहणी यातच हयात गेली. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या, एवढंच शाळेतून पदरात पडलं होतं. निवृत्तीनंतर भाचीनं पॉवरबाईंचं ‘मिडीव्हल पीपल’ आणून दिलं. १९२४ चं पुस्तक. त्यातलं बोडो नावाच्या शेतकऱ्याचं प्रकरण उघडलं आणि मी पुन्हा माझ्या दप्तरात जाऊन बसले.

पॅरिसजवळच्या सेंट जर्मेन मठाच्या मोठ्या जमिनी होत्या. नवव्या शतकाच्या सुरुवातीला मठाधिपती इर्मिनोननं सगळ्या कुळांची नोंदवही करवली. कूळ कोण, बायको कोण, मुलं किती, जमीन केवढी, देणं काय. त्यात एक नोंद बोडोची. बायको एर्मेंट्रूड, तीन मुलं. सैन्यासाठी चांदीचे दोन शिलिंग. रानात डुकरं चारायची म्हणून द्राक्षाची दारू. दर तिसऱ्या वर्षी शंभर फळ्या. दर आठवड्याला वेठ. शिवाय तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी. अशा नोंदी मी हजारोंनी लिहिल्या आहेत, म्हणून सांगते, ती फार नीट केलेली नोंद आहे.

एवढ्या ऐवजावर बाईंनी त्या घराचा एक अख्खा दिवस उभा केला. थंडीत नांगर घेऊन निघालेला बोडो, सोबत मुलगा. घरी एर्मेंट्रूड, तिलाही आज देणं पोचवायचं आहे. कल्पना आहेच, पण ती मोकाट नाही. त्या काळचा सम्राट शार्लमेन, त्यानं आपल्या कारभाऱ्यांना दिलेले हुकूम, शेतकरी म्हणत ते मंत्र, असा एकेक पुरावा बाईंनी तिच्याखाली घातला आहे. कोंबडी आणि अंडी नीट गुंडाळून एर्मेंट्रूड कारभाऱ्याकडे निघते, तिथं मी पुस्तक मिटून ठेवलं. वारस नोंदीसाठी माझ्या टेबलासमोर बसलेल्या बायका आठवल्या. पिशवीत मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आणि कितीतरी वेळा माझ्यासाठी शेतातल्या चार काकड्या. नाव विचारायचं, लिहायचं, अंगठा घ्यायचा, पुढची हाक. त्या सकाळी किती वाजता घरातून निघाल्या असतील, हे मी एकीलाही विचारलं नाही.

बाईंचं स्वतःचं लहानपण कष्टाचं गेलं. जन्म १८८९ चा, मँचेस्टरजवळच्या आल्ट्रिंकॅमचा. वडील शेअर दलाल. ते फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. आई क्षयानं गेली तेव्हा आयलीन चौदा वर्षांची, पाठीवर दोन बहिणी. पुढं केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात इतिहासात पहिला वर्ग मिळवला. पण केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं, तोवर बाई गेलेल्या. हे वाचून मला अजून राग येतो.

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या ननच्या मठांवर त्यांचा मोठा ग्रंथ आहे, १९२२ चा. त्यासाठी बिशपांच्या तपासणीची दप्तरं वाचली. तपासणीचं दप्तर म्हणजे तक्रारींचं दप्तर, ते मी चांगलं ओळखते! कुणी प्रार्थनेला उशिरा येते, कुणी चर्चमध्ये कुत्री आणि ससे घेऊन येते. ननांनी मठाबाहेर पडू नये असं पोपचं फर्मान निघालं. लिंकनच्या बिशपनं ते एका मठात नेऊन दिलं, तर ननांनी फाटकापर्यंत धावत जाऊन ते फर्मान त्याच्याच अंगावर फेकलं आणि ओरडून सांगितलं, आम्ही पाळणार नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या या बायकांना मी मनोमन दाद दिली.

१९२१ पासून बाई लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, १९३१ साली तिथंच आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापक. बहीण रोडाबरोबर शाळकरी मुलांसाठी रेडिओवर इतिहास सांगितला. १९३९ मध्ये ऑक्सफर्डची फोर्ड व्याख्यानं दिली. तो मान मिळालेली ही पहिली बाई. विषय होता लोकर: मेंढ्या कुणाच्या, गठ्ठे कुणी बांधले, जकात कुणी भरली, राजाला त्यावर कर्ज कुणी दिलं. ती व्याख्यानं १९४१ मध्ये छापून आली. त्यांचे पती मायकेल पोस्टन हे एके काळचे त्यांचे विद्यार्थी, वयानं दहा वर्षांनी लहान. मध्ययुगीन स्त्रियांवरची बाईंची व्याख्यानं त्यांनीच १९७५ साली प्रसिद्ध केली. मागं राहिलेल्या कागदांची इतक्या वर्षांनी कुणी अशी काळजी घेतली, याचं मला फार बरं वाटतं.

आता नागपूरचं. अल्बर्ट कान प्रवासवृत्ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून बाई १९२० मध्ये जगप्रवासाला निघाल्या. हिंदुस्थानात आल्या, गांधीजींना भेटल्या, खैबर खिंड पुरुषी वेषात ओलांडली. डिसेंबर १९२० मधलं नागपूरचं काँग्रेस अधिवेशन त्यांनी पाहिलं. असहकाराचा ठराव पक्का झाला तेच. माझ्या गावात, माझी आजी तरणीताठी असताना!

त्या अधिवेशनाचे ठराव आणि भाषणं छापलेली आहेत. मी दिवसभर विचार करतेय तो जेवणांचा. हजारो माणसं, डिसेंबरची थंडी, पहाटे चुली पेटवल्या असणार. कणीक कुणी मळली, पाणी कुणी भरलं?

उद्या सकाळी नागपुरातल्याच महाल भागात मावशीकडे जाते. ती ९१ वर्षांची आहे, दुपारनंतर थकते. तिच्या आईनं तेव्हाचं काही सांगितलं असेल तर लिहून घ्यायचं. चुलींचं, पिठाचं, भांड्यांचं. नावं आठवली तर आधी नावं.