बांगडीतली काळी कोर

भांड्यांच्या ताई चार दिवस गावी गेल्या आणि घासणी माझ्या हाती आली. काढून ओट्यावर ठेवलेल्या काचेच्या बांगड्यांपैकी एक घरंगळली ती थेट साबणाच्या पातेल्यात. उचलली तर आत पाण्याचा पडदा ताणलेला. खिडकीच्या उजेडात उभी धरली.

आडवे पट्टे उमटले, गुलाबी, हिरवे, पैठणीच्या काठासारखे, आणि हळूहळू खाली उतरू लागले. पाणी ओघळत होतं, वरचा भाग विरत होता. वर सोनेरी झालं, मग चांदीसारखं पांढरं, आणि एकदम कडेला एक काळी कोर. वाटलं, फाटला! पण फाटला असता तर खालचे पट्टे कशाला टेकून राहिले असते?

तिथे भोक नव्हतं, पडदाच होता. पुढच्या बाजूवरून परतणारी उजेडाची लाट उलटी होऊन येते, मागच्या बाजूवरून येणारी सरळ. मधली जाडी नावापुरती उरली की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. न्यूटनने साबणाच्या फुग्यावरचे हे काळे ठिपके १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये टिपून ठेवलेत. अगदी झिजलेला पडदा जेमतेम ५ नॅनोमीटरचा. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे दहा हजार तरी मावतील.

मग तो फुटत कसा नाही? साबणाचे रेणू दोन्ही बाजूंना दाटीने उभे असतात, डोकी पाण्यात, शेपट्या हवेत. डोक्यांवर ऋण विद्युतभार. दोन्ही रांगा जवळ आल्या की एकमेकींना रेटतात, भरल्या लोकलमध्ये आपण कोपरं काढून उभे राहतो तशा. रेणूंची आपसातली ओढ पडदा आवळू बघते, हा रेटा तिला अडवतो. बोरिस डेरयागिन या रशियन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हा दाब मोजायला घेतला. पाण्यात मीठ घातलं की कोपरं आखडतात आणि पडदा आणखी पातळ होतो म्हणे. मला करून बघायचं होतं, पण पातेल्यात एव्हाना फोडणीचं तेल उतरलं होतं आणि फेसच मेला होता.

ओशट पाण्याकडे बघत मोठं काम करणारी बाई मात्र होऊन गेली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची आग्नेस पॉकेल्स. मुलगी म्हणून विद्यापीठाचं दार बंद, घरात आईवडिलांची आजारपणं. तिने स्वयंपाकघरात पत्र्याची पन्हळ आणि तराजूला टांगलेलं बटण घेऊन पाण्याचा पृष्ठताण मोजला. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते १८९१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे छापायला पाठवलं. माझ्याकडे बटण होतं, तराजू नव्हता, आणि कुकर अजून घासायचा होता.

काळी कोर अर्ध्या बांगडीपर्यंत आली. श्वास रोखून धरला, तरी पडदा गेला. आवाजसुद्धा नाही.

“काय गं, बांगडी फुटली का?” आतून सासूबाई.

“नाही हो. पडदा वाढवला.”