मकरपुऱ्यात बनलेला मायक्रो-ओहममीटर

आमच्या बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मर बनवणारे, दुरुस्त करणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, रेझिस्टन्स मोजल्याशिवाय माल बाहेर काढता येत नाही आणि त्यासाठी परदेशी मायक्रो-ओहममीटर (ओहमच्या दहा लाखाव्या भागापर्यंत मोजणारा मीटर) घेणं छोट्या कारखानदाराच्या जिवावर येतं. मग कुणी भाड्याने आणतो, कुणी ओळखीत मागून. हाच मीटर तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत इथे बनवायचा, असं मी आणि माझ्या भागीदाराने ठरवलं.

चिपची अडचण नव्हतीच. परदेशी कंपन्या वापरतात तसला 24 बिटांचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करून देणारी चिप) आपल्यालाही मिळतो. खरी कसोटी त्याच्या आधी असते. 10 अँपिअर करंट सोडला तरी 100 मायक्रोओहमवर जेमतेम 1 मिलिव्होल्ट मिळतो; 1 मायक्रोओहमवर 10 मायक्रोव्होल्ट. दोन तारांतून करंट आणि दुसऱ्या दोन तारांनी व्होल्टेज, अशी चार तारांची पद्धत घेतली की वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजणीतून निघून जातो. उष्णतेचं मात्र तसं नाही. दोन वेगळे धातू जोडले आणि जोडांच्या तापमानात फरक पडला की तिथेच काही मायक्रोव्होल्ट तयार होतात. टेबलावर उघड्या ठेवलेल्या बोर्डच्या पितळी टर्मिनलवर मी नुसतं बोट टेकवलं, तर शेवटचे दोन अंक सावकाश चढू लागले. बोट काढलं, तसे तितक्याच सावकाश उतरले.

त्यावरचा इलाज म्हणजे करंट एकदा सुलट, एकदा उलट सोडायचा आणि दोन्ही मोजण्यांच्या फरकाचं अर्ध घ्यायचं. करंट उलटला तरी उष्णतेचं व्होल्टेज उलटत नाही, म्हणून ते वजा होतं. ब्रेकरच्या कॉन्टॅक्टला आणि बसबारच्या (करंट वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्यांच्या) जोडांना हे छान चालतं. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग पडलं इंडक्टिव्ह. तिथे करंट स्थिर व्हायलाच वेळ लागतो, दरवेळी उलटवत बसणं परवडत नाही. म्हणून वाइंडिंगसाठी करंट सोडण्याआधीचं शून्य मोजून वजा करायचं ठरलं. शिवाय मोजणी झाल्यावर वाइंडिंगमध्ये साठलेली ऊर्जा उतरू न देता क्लॅम्प काढला, तर जोराची ठिणगी उडते, जिवाला धोका होतो. डिस्चार्जचं सर्किट आम्ही पहिल्यापासून ठेवलं होतं आणि काम पुरं झाल्याचं स्क्रीनवर दिसत होतं. डांडिया बाजारात राहणारे एक फोरमन काका नमुना वापरून म्हणाले, ‘‘अगं, क्लॅम्प काढताना माझी नजर ट्रान्सफॉर्मरवर असते. दिवा लाव मोठा, वरच्या बाजूला.’’ दुसऱ्या नमुन्यात लाल दिवा झाकणावर आला. करंट पूर्ण उतरेपर्यंत तो विझत नाही.

पैसा कुठे वाचवायचा, यावर आमचे वाद झाले. रंगीत टचस्क्रीन, प्रिंटर, शेकडो मोजण्यांची मेमरी हे सगळं काढलं. मॅंगनिनचा शंट (करंट मोजायचा, तापमानाने फारसा न हलणारा रेझिस्टन्स) आणि तांब्याचे टर्मिनल यांना मात्र हात लावू दिला नाही. तापमानाचा प्रोबही राहिला. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे सुमारे 0.39 टक्के वाढतो. मे महिन्यात सकाळ-दुपारचा दहा अंशांचा फरक धरला तरी आकडा 4 टक्के हलतो. त्यामुळे मीटर आलेला आकडा (235 + 75) ने गुणून आणि (235 + वाइंडिंगचं तापमान) ने भागून तुलनेसाठी धरलेल्या 75 अंशांवरचं मूल्य स्वतःच दाखवतो; 235 हा तांब्यासाठीचा ठरलेला आकडा.

विकताना पहिला प्रश्न कायम एकच: एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) सर्टिफिकेट आहे का? प्रश्न रास्तच आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रमाणित रेझिस्टन्सवर मीटर तपासून घेतला, एक उन्हाळा वापरून पुन्हा तपासला आणि दोन्ही सर्टिफिकेटं ग्राहकापुढे ठेवू लागलो. एका मोठ्या खरेदी विभागाने तरीही टेंडरमध्ये परदेशी मॉडेलचंच वर्णन शब्दशः उतरवलं होतं. ते काम गेलं आणि त्याचा राग मला अजून आहे.

छोट्या कारखान्यांनी मात्र मीटर घेतले. प्रत्येक मीटरबरोबर आम्ही पूर्ण सर्किट डायग्राम देतो. नक्कल होईल, अशी भीती भागीदाराला वाटते. मला वाटतं, बिघडलेला मीटर जवळच्या कारागिराला उघडून दुरुस्त करता आला पाहिजे, नाहीतर स्वस्त मीटरचा उपयोग काय? सध्या तरी डायग्राम झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.