वेगळं मासिक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून फारसा काढत नाही. बडोद्यातल्या एका ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग मी बरीच वर्षं सांभाळला. जगभरच्या लेस्बियन मासिकांबद्दल मिळेल ते वाचायचा मला नाद आहे, हेही आता पुष्कळांना ठाऊक झालंय. त्यामुळे दिवाळी अंकांच्या योजनेचे पैसे भरायला आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "चळवळीचं पत्रक असलं तर समजू शकतो हो ताई, पण लाइफस्टाइल मासिक? केस कसे कापावेत, सुट्टीत कुठे जावं, यात त्यांचं वेगळं ते काय?"

प्रश्न खवचट नसतो, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं.

शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' काढलं, तेव्हा 'किर्लोस्कर' मासिक निघतच होतं. बायकांनी तेच वाचलं असतं तर काय बिघडलं असतं? तरी 'स्त्री' निघालं आणि टिकलं. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात आजीने त्याचे अंक सुतळीने बांधून माळ्यावर ठेवले होते आणि रद्दीवाल्याला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्यांच्या अंकात आपल्यापुरतं एक पान मिळणं वेगळं आणि अख्खा अंक आपला असणं वेगळं, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

आता अमेरिकेकडे वळते. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये ईडिथ आयड नावाची एक तरुण बाई एका फिल्म स्टुडिओत सेक्रेटरी होती. काम थोडं, पण साहेबांचं म्हणणं असं, की रिकामं बसलेलं दिसायचं नाही. मग ती टाइपरायटरवर स्वतःचं मासिक टाइप करू लागली. नाव 'व्हाइस व्हर्सा'. कार्बन कागद घालून एका वेळी निघतील तेवढ्या प्रती काढायच्या, मग तोच मजकूर पुन्हा टाइप करायचा. सगळ्या मिळून दहा-बारा प्रती व्हायच्या. त्यात पुस्तकांची परीक्षणं, सिनेमा, कविता असं सगळं असे. वाचून झाल्यावर फाडू नका, दुसरीला द्या, एवढंच तिचं मागणं. टपालाने पाठवलं तर अश्लील मजकुराच्या कायद्याखाली अडकशील, असं कुणीतरी सांगितल्यावर ती अंक हातोहात देऊ लागली. नऊ अंक निघाले आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ते थांबलं. त्या नऊ अंकांत उपदेश फार कमी आहे. या महिन्यात काय पाहिलं, काय वाचलं, हाच सूर. लाइफस्टाइल मासिक याहून निराळं काय असतं?

टपालाची भीती खोटी नव्हती. लॉस एंजेलिसच्याच 'वन' या समलिंगी मासिकाचा अंक १९५४ साली पोस्टमास्तरांनी अडवला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५८ मध्ये मासिकाच्या बाजूने निकाल लागला. हे सांगितलं की लोक म्हणतात, अमेरिकेत असं? मग मी त्यांना आपल्याकडची गोष्ट सांगते. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी अंकात उत्तरं दिली, त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर खटला भरला गेला. वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. वाचकाने प्रश्न विचारायचा आणि संपादकाने तो छापायचा, एवढ्याचीसुद्धा किंमत पडत होती.

सॅन फ्रान्सिस्कोत डेल मार्टिन आणि फिलिस लायन या जोडप्याने इतर काही बायकांबरोबर १९५५ मध्ये एक संस्था काढली. त्या संस्थेचं 'द लॅडर' हे मासिक १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. दुसऱ्याच अंकात वाचकांना आश्वासन द्यावं लागलं, की तुमचं नाव आमच्याकडे सुरक्षित आहे. वर्गणीदारांच्या यादीचा केवढा धाक! खुद्द संपादिका फिलिस आधी टोपणनावाने लिहीत होती. पुढे तिने ते नाव सोडून दिलं आणि तसं अंकात जाहीरही केलं. साठच्या दशकात बार्बरा गिटिंग्ज संपादक झाली आणि मुखपृष्ठावर चित्रांऐवजी खऱ्या बायकांचे चेहरे येऊ लागले. १९६४ च्या नोव्हेंबरातला चेहरा इंडोनेशियातल्या एका वाचक बाईचा होता. मला ही बाई फार आवडते. ती तिथून पत्रं लिहीत होती. तिकडे कुणी ओळखीचं नसताना तिने स्वतःचा फोटो पाठवला. अमेरिकेतल्या कितीतरी जणी तेव्हा आपला चेहरा द्यायला तयार नव्हत्या. 'लॅडर' १९७२ मध्ये बंद पडलं.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंत ते गुळगुळीत कागदाचं, रंगीत, जाहिरातींचं मासिक. फ्रान्सिस स्टीव्हन्स ही मुलगी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पुस्तकांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक बायका येऊन विचारायच्या, आमच्यासाठी एखादं मासिक आहे का? दाखवण्यासारखं काही नव्हतं. तिने ढीगभर क्रेडिट कार्डं काढली, त्यांवर मिळतील तितके पैसे उचलले आणि घोड्यांच्या शर्यतीवर लावले. माझ्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर पुढचं ऐकूनच घेतलं नसतं. पण ती जिंकली आणि १९९० मध्ये 'दनव्ह' हे मासिक सुरू झालं. पुढे कॅथरीन दनव्ह या फ्रेंच अभिनेत्रीने नावावरून दावा लावला, म्हणून १९९६ मध्ये ते 'कर्व्ह' झालं. कज्ज्याचा खर्च, नव्या नावाची ओळख पुन्हा करून देणं, सगळं अंगावर घेऊन ते चाललं. २०१० मध्ये ते एका ऑस्ट्रेलियन प्रकाशकाकडे गेलं. २०२१ मध्ये फ्रान्सिसने ते परत मिळवलं आणि त्यातून एक फाउंडेशन उभं केलं.

अशा मासिकाचं पोट जाहिरातींवर भरतं आणि जाहिरातदारांचा हिशेब असा होता, की समलिंगी पुरुषांच्या खिशात पैसा असतो, बायकांच्या पर्सेत कुठला? दारूच्या कंपन्या पुरुषांच्या अंकांत आल्या, बायकांच्या अंकांकडे फारशा फिरकल्या नाहीत. नव्वदच्या दशकात सुबारू या मोटार कंपनीने आपल्या गाड्या कोण घेतंय हे शोधलं, तेव्हा त्यात लेस्बियन बायका ठळकपणे दिसल्या. मग कंपनीने त्यांच्यासाठी खास जाहिराती केल्या. गाडीच्या नंबरप्लेटवर अशा खुणा, की कळणाऱ्यांना बरोबर कळावं आणि बाकीच्यांनी नुसती गाडी बघावी. पुढे स्वतः लेस्बियन असल्याचं उघड सांगणारी टेनिसपटू मार्टिना नवरातिलोव्हाही त्यांच्या जाहिरातींत आली. हा निव्वळ धंदा आहे, असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण गिऱ्हाईक म्हणून कुणी मोजलं, की मासिकाला कागद घ्यायला पैसे येतात.

आपल्याकडे काय, हा पुढचा प्रश्न. मुंबईत १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं मासिक निघालं. १९९५ च्या सुमारास स्त्री संगम हा लेस्बियन बायकांचा गट उभा राहिला, तोच पुढे लाबिया या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांनी 'स्क्रिप्ट्स' हे नियतकालिक काढलं. कोलकात्यात सॅफो फॉर इक्वॅलिटी या संस्थेचं 'स्वकंठे' बंगाली आणि इंग्रजीत निघालं. बडोद्यातही विकल्प ही संस्था खेड्यापाड्यातल्या, कष्टकरी बायकांबरोबर वर्षानुवर्षं काम करते. पण गावात कुणाला विचारलं तर पटकन आठवतात ते राजपिपळ्याचे युवराज, कारण आपण समलिंगी असल्याचं त्यांनी सांगितलं ती बातमी २००६ मध्ये पहिल्या पानावर होती. बाईची अशी बातमी येते ती बहुतेकदा दोघी पळून गेल्या म्हणून किंवा विहिरीत सापडल्या म्हणून. त्या दोघी सहलीला गेल्या, दोघींनी घर रंगवलं, ही बातमी होत नाही. लाइफस्टाइल मासिक नेमकं तेच छापतं, म्हणून मला ते चळवळीच्या पत्रकापेक्षा जास्त हवंसं वाटतं.

उदाहरण आमचंच घ्या. आम्ही दोघी एकत्र राहतो. दोन बायकांना हॉटेलात खोली बिनबोभाट मिळते, ही सवलत म्हणायची. पण बँकेत एकत्र खातं काढताना "नातं?" या रकान्यात काय लिहायचं? केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये खुलासा केला, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही. आमच्या शाखेतल्या बेनला ते माहीत नव्हतं आणि मलाही उशिराच कळलं. माझ्या जोडीदारिणीच्या आईच्या आजारपणात रजा मागताना मी कोण म्हणून मागायची? लग्नपत्रिकेवर आमची नावं एकत्र घालायची की दोन पत्रिका पाठवायच्या, यावरून भावजयीची होणारी पंचाईत? हे सगळं छापायला चार ओळींचं सदर पुरेल. ते नसल्यामुळे प्रत्येकीला पहिल्यापासून शोधावं लागतं.

"मग तुम्हीच काढा की एखादं," असं शेवटी लोक म्हणतात. आपल्याकडे १८६७ च्या कायद्यापासून रीत अशी, की नियतकालिकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव आणि ठिकाण छापायचं. संपादकाचंही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपातला तो मजकूर तुम्ही वाचत नसाल, मी मात्र नोकरीत आधी तोच बघायचे. 'लॅडर'वाल्या बायका नाव सुरक्षित आहे असं सांगू शकल्या, इथे ते उघड छापावं लागेल. नावाला माझी हरकत नाही. पत्ता मात्र आमचा दोघींचा आहे. ती अजून शाळेत शिकवते आणि तिच्या निवृत्तीला अवकाश आहे. तोवर दुसऱ्या कुणी काढलं तर वर्गणी भरायला मी तयार आहे. अंक साध्या पाकिटात नको, नावगाव वर दिसेल असा पाठवा म्हणावं. पोस्टमन आम्हाला ओळखतो.