अकरावा रकाना

फॉर्मच्या अकराव्या रकान्यात, ‘नमुन्याचे स्वरूप’ असं जिथे छापलं होतं तिथे, मी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘समुद्रकिनाऱ्यावरील वाळूतून वेगळे केलेले कण’. तिथेच फसले.

नमुने रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावरचे, वाळूतल्या प्लास्टिकच्या बारीक कणांचे. वाळू मिठाच्या दाट पाण्यात ढवळायची, वर तरंगेल ते गाळायचं, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून शेवाळ-बिवाळ घालवायचं आणि उरलेले रंगीत तुकडे चिमट्याने वेचायचे. एवढं कॉलेजात बिनबोभाट झालं. पण निळा धागा नायलॉनचा की पॉलिएथिलिनचा, हे नुसत्या डोळ्यांना कसं कळणार? त्यासाठी कॉन्फोकल रामन हवं, म्हणजे कणावर लेसर पाडून परतणाऱ्या प्रकाशाच्या रंगबदलावरून पदार्थ ओळखणारं सूक्ष्मदर्शक यंत्र. ते आमच्याकडे नाही, म्हणून एका मोठ्या संस्थेच्या उपकरण केंद्राकडे अर्ज केला.

आठ दिवसांनी मेल आला. वाळू समुद्राची, सबब नमुना जैविक. जैवसुरक्षा समितीचं पत्र जोडावं. आमच्या विभागात तीन शिक्षक, एक शिपाई आणि गळकं छप्पर आहे, समिती नाही. केंद्रातल्या मॅडमना फोन केला. “मॅडम, त्यात जिवंत काही उरलेलं नाहीये हो.” “मग तसं लिहून द्या.” दिलं, विभागप्रमुखांच्या सहीने. उत्तर आलं, प्राचार्यांची सही हवी. प्राचार्य नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, तयारीत बुडालेले. ती सही मिळेपर्यंत माझा स्लॉट गेला, आणि नव्या महिन्याला नवा फॉर्म भरायचा असा नियम! त्यात पुन्हा तोच अकरावा रकाना. मी हट्टाने पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा तोच मेल आला. दीड महिना असा गेला. दर २८ फेब्रुवारीला आम्ही रामन यांच्या फोटोला हार घालतो, १९२८ च्या शोधावर भाषणं ठोकतो. आणि त्याच शोधावर चालणाऱ्या यंत्राच्या दारापर्यंत पोचायला ही तऱ्हा.

शेवटी रात्रीची एस.टी. पकडून स्वतःच गेले. मॅडम जेवायला गेल्या होत्या, म्हणून प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले. खरं सांगायचं तर या यंत्राबद्दल मला जे कळलं ते त्या बाकावर. शेजारी फार्मसीचा एक मुलगा होता. गोळीत औषध सगळीकडे सारखं पसरलंय का, याचा त्याला नकाशा काढायचा होता. पलीकडची मुलगी ग्राफीनवाली, म्हणजे कार्बनच्या अणूएवढ्या पातळ थरांवर काम करणारी. यंत्राच्या आलेखात २७०० च्या आसपास (शिखरांचे हे आकडे रंगबदलाचे, एकक प्रतिसेंटिमीटर) येणाऱ्या शिखराचा आकार बघून थर एकच आहे की जास्त, हे ती सांगणार होती. भूशास्त्राचे एक सर स्फटिक घेऊन आले होते. स्फटिकात अडकलेल्या सूक्ष्म बुडबुड्यात कोणता वायू आहे, हे स्फटिक न फोडता बघायचं. कार्बन डायऑक्साइड असेल तर १२८५ आणि १३८८ ला जोडशिखर दिसतं म्हणे. “कॉन्फोकल म्हणजे काय, तर मधे एक बारीक छिद्र,” ते म्हणाले. “ज्या खोलीवर नेम धरलाय तिथला प्रकाश आत येतो, वरखालचा बाहेर राहतो. म्हणून स्फटिकाच्या पोटातला बुडबुडा वाचता येतो.” पेशींवर काम करणारी एक जण म्हणाली, पाण्याचा रामन संकेत क्षीण असतो, त्यामुळे ओल्या पेशीही रंग न लावता बघता येतात. म्हणजे खरंखुरं जैविक काम तिचं, आणि ‘जैविक’ म्हणून अडवलं मला.

एवढ्यात यंत्र चालवणारे काका बाहेर आले. माझा फॉर्म बघून हसले. “अगं, ‘पॉलिमर, कोरडे, घन’ लिही. समुद्र कशाला मधे आणतेस?” लिहिलं. मॅडमनी न वाचता शिक्का मारला. आनंद झाला की राग आला, अजून ठरवता आलेलं नाही.

प्रत्यक्ष मोजणी दोन तासांत झाली. आधी सिलिकॉनच्या तुकड्यावर ५२०.७ चं शिखर जागेवर आहे ना, ते बघायचं. हे काकांना सांगावं लागत नाही, पण आपण बघावं. साधारण एक कोटी फोटॉनांमधला एखादाच रामनचा रंगबदल घेऊन परततो, त्यामुळे नमुना स्वतः चमकायला लागला की सगळं त्या झगमगाटात बुडतं. माझ्या पिवळट तुकड्यांचं ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरखाली तेच झालं. ७८५ नॅनोमीटरच्या लेसरवर गेल्यावर शिखरं दिसली. काळ्या धाग्यावर मी घाईने लेसरची ताकद वाढवायला लावली आणि धागा जळाला. सुरुवात १ टक्क्यापासून करा.

कण काचपट्टीवर चिकटटेपने चिकटवून नेऊ नका, टेपचंच प्लास्टिक दिसत बसतं. पट्टीला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. ही युक्ती त्या पेशीवालीची.

निळ्या धाग्याने मात्र पुन्हा रडवलं. १५३० च्या जवळ उंच शिखर, ७४७ ला आणखी एक. म्हणजे थॅलोसायनिन, निळा रंग. धागा कशाचा, ते त्या रंगाआड दडलेलं. काकांनी मोजणी नेहमीप्रमाणे १८०० ला थांबवली होती. मी घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की २८५० ते २९०० च्या पट्ट्यात हा रंग गप्प असतो आणि पॉलिएथिलिन बोलतं. त्यासाठी दुसरा स्लॉट, दुसरी एस.टी. म्हणून आधीच सांगा: ३२०० पर्यंत घ्या, आणि तेही ५३२ वर, ७८५ ला त्या टोकाशी डिटेक्टर मंदावतो.

दुसऱ्या खेपेला २८४८ आणि २८८२, दोन्ही शिखरं ठसठशीत आली. पॉलिएथिलिनच.

निघताना नुसतं चित्र घेऊ नका, आकड्यांची मूळ फाइल मागून घ्या. आणि पावती. माझी पावती कॉलेजच्या नावाऐवजी ‘भाट्ये’ या नावाने निघाली आहे. ती दुरुस्त करून घ्यायची तर अर्ज करावा लागेल. त्या अर्जाचाही फॉर्म आहे.